दोनशे चौदा नंबरचा कॅन

डेअरीच्या फाटकावर निळ्या पत्र्याची पाटी होती. 'दुधाचा प्रत्येक कॅन डेअरीच्या मालकीचा आहे. त्यात दुधाखेरीज काहीही भरणे, तो विकणे, वितळवणे अथवा स्वतःजवळ ठेवून घेणे हा गुन्हा आहे.' खाली कलमांचे आकडे होते, ते कुणी वाचत नसे. पाटी लागली त्या दिवशी दूध घालायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं ती दुसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली आणि विचारलं, "म्हणजे कॅनला कुणी लाथ मारली तर सरकार धावून येणार. आणि मला मारली तर?" रांग हसली. म्हाताऱ्यानं आपला कॅन जरा अदबीनं उचलून पुढे सरकवला.

कायदा उगाच झाला नव्हता. कॅन मजबूत, झाकण घट्ट, वर फुकट मिळालेला. माणसाचा हात त्याच्याकडे वळणारच. कुणी त्यात चुना भिजवी, कुणी रॉकेल साठवी. एका न्हाव्यानं तर कॅन मधोमध कापून त्याची शेगडी केली होती. तेही खपून गेलं असतं. पण एकानं त्यात फवारणीचं औषध कालवलं, कॅन विसळला आणि दुसऱ्या दिवशी त्यातच दूध आणून घातलं. ते दूध प्यायलेली मुलं आठवडाभर दवाखान्यात होती. त्यानंतर प्रत्येक कॅनच्या गळ्याशी ठसा आणि नंबर आला, घरटी एक कॅन नोंदून मिळाला, आणि तपासायला एक निरीक्षक महिन्यातून एकदा जीपमधून येऊ लागला.

रोजची तपासणी मात्र तात्यांच्या नाकानं व्हायची.

तात्या सव्वीस वर्षं फाटकाच्या आतल्या ओट्यावर उभे होते. कॅन आला की झाकण उघडायचं, झाकण नाकाशी न्यायचं, एक श्वास घ्यायचा. दुधाला नाक लावायचं नाही, कारण वास झाकणाच्या रबरात बसतो, हे त्यांनी नव्या माणसांना शेकडो वेळा सांगितलं होतं. गाईनं कांद्याची पात खाल्ली असली तर त्यांना कळे. आचळ सुजलेलं असलं तर गाईच्या मालकाच्या आधी त्यांना कळे. चांगल्या कॅनवर ते खडूनं टिक करत आणि दूध मोठ्या टाकीत ओतलं जाई. वास आला तर कॅन बाजूला. बाजूला काढलेल्या कॅनवाल्याला एक ताकीद मिळे आणि त्या दिवसाचं दूध घरी परत न्यावं लागे, बस्स. कायद्याचं खरं काम सुरू होई ते दूध टाकीत गेल्यावर. म्हणून लोक तात्यांवर चिडत आणि मनातून त्यांचे आभारही मानत. कुणी साठवणीचं धान्य मुठीत घेऊन विचारायला येई, बुरशी धरलीय का बघा. तात्या नुसतं हुंगून सांगत. नाक म्हणजे त्यांची शेतीवाडीच होती म्हणा ना.

यंदाच्या थंडीत तात्यांना ताप आला. अकरा दिवस अंथरुणाला खिळले. बाराव्या दिवशी आंघोळीला बसले, साबण हातात घेतला, आणि दगड हातात घेतल्यासारखं वाटलं. साबणाला वास नव्हता. त्यांनी टॉवेल हुंगला, चुलीपाशी जाऊन धूर हुंगला, शेवटी शेजारच्या गोठ्यात जाऊन शेणाशी वाकले. काहीही नाही. म्हणाले, सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली, वास परत आला नाही.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. ती असती तर तिला सांगितलं असतं. ती नव्हती, आणि दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना लाज वाटली. डोळे अधू झालेला माणूस चारचौघांत तसं सांगतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. तात्यांना वाटलं की आपण आता नुसते एक म्हातारे राहिलो.

ते कामावर परतल्यावर तिसऱ्या दिवशी मावशीला कळलं. मावशी हौदावरची. पहाटे येऊन मोठी टाकी धुवायची, मग ओट्यावर तात्यांच्या शेजारी उभी राहून झाकणं उघडून द्यायची, शेवटी रिकामे कॅन विसळायची. त्या दिवशी एका झाकणाला रॉकेलचा असा भपकारा होता की तिला ठसका लागला. तात्यांनी ते झाकण नाकाशी नेलं, नेहमीसारखा श्वास घेतला आणि टिक केली. मावशीनं ओल्या हातानं टिक पुसली आणि कॅन बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी रांग सुरू व्हायच्या आधी ती झाडू मारत म्हणाली, "तात्या, मी झाकण पालथं ठेवलं तर टिक करा. उताणं ठेवलं तर बाजूला काढा."

तात्या खडू शोधत राहिले. खडू त्यांच्या हातातच होता.

"बरं," ते म्हणाले.

त्यानंतर चार महिने या विषयावर दोघांत एक शब्द झाला नाही. झाकण पालथं, टिक. झाकण उताणं, बाजूला. तात्या प्रत्येक झाकण तरीही नाकाशी नेत होते.

उन्हाळा चढला. नळाला पाणी पाचव्या दिवशी येऊ लागलं, मग सहाव्या. घरातली पातेली, तांबे, बादल्या, तव्याखेरीज सगळं भरून ठेवलेलं असे. डेअरी सकाळचंच दूध घेत होती, त्यामुळे सकाळी दहापासून दुसऱ्या पहाटेपर्यंत प्रत्येक घरात एक घट्ट झाकणाचा कॅन रिकामा बसलेला असे. त्याच्याकडे बघून बायका उसासे टाकत. निरीक्षक आता महिन्यातून दोनदा येत होता.

तात्यांची मुलगी त्याच वस्तीच्या टोकाला दोन खोल्यांत राहत होती. बाहेरच्या खोलीत जावयाची खाट होती. जावई मालट्रकवर हमाल होता. खटारा ट्रक, मागच्या फाळक्याची खिट्टी तारेनं बांधलेली. पोती उतरवताना फाळका सुटला आणि त्याच्या पाठीवर आला. कमरेखाली पाय होते, पण त्याचे राहिले नव्हते. एकाच कुशीवर पडून पडून डाव्या कुल्ल्यावर जखम झाली. आठवड्याला येणारी नर्सबाई बदलून गेली, तिच्या जागी कुणी आलं नाही. मग मुलगीच जखम धुवायची. औषधाची बाटली नर्सबाईनं देऊन ठेवली होती. दोन झाकणं उकळलेल्या पाण्यात टाकली की पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. घरात दोन गाई होत्या. त्यांच्या दुधावर घर उभं होतं, आणि घरात दुसरं उभं असं कुणी नव्हतं.

तात्या रोज चारच्या सुमाराला तिकडे जात. जावयाला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत. तात्यांनी खांद्याखाली हात घालायचा, मुलीनं गुडघ्यांखाली. मग ती पट्टी सोडायची. कडा वाळलेल्या, मधे खड्डा. ती कापसाचा बोळा पांढऱ्या पाण्यात बुडवून आतून फिरवायची आणि जावई भिंतीवरच्या आरशाकडे बघत राहायचा. आरसा उंच होता, त्यात त्याला फक्त छत दिसे.

"तात्या," ती एकदा म्हणाली, "बघा ना जरा. मला कधी वाटतं वास येतो. कधी वाटतं औषधाचाच आहे. दिवसभर याच घरात असते, मला काही कळेनासं झालंय."

तात्या वाकले. सवयीनं डोळे मिटले. श्वास आत गेला, नुसती गरम हवा. त्यांनी डोळे उघडून जखमेकडे पाहिलं. वरून रंग त्यांना बरा वाटला.

"नाही गं," ते म्हणाले. "औषधाचाच आहे."

"तात्या," जावई उशीत तोंड घालून म्हणाला, "नासलो असलो तर आत्ताच बाजूला काढा. टाकीत नका जाऊ देऊ."

मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून तात्याही हसले. त्यानंतर ती तीन-चार दिवसांआड विचारायची आणि ते वाकून तेच सांगायचे. घरी परतताना, उद्या सांगू, असं ते रोज ठरवत. तिच्या खांद्यावर आधीच एवढं आहे, त्यात बापाचं दुखणं कशाला, अशी सबबही त्यांनी तयार ठेवली होती. सबब चांगली होती, पण ती खरी नव्हती.

मग एका आठवड्यात पाणी सहाव्या दिवशीही आलं नाही. सातव्या दिवशी घरात दोन बादल्या उरल्या, त्या गाईंच्या. मुलीनं शेजारून मागून आणलेलं पाणी उकळलं, औषध घातलं. ते ठेवायला घट्ट झाकणाचं दुसरं भांडं घरात नव्हतं. उघडं ठेवलं तर माश्या. ती कॅनकडे बघत थोडा वेळ बसली. मग तिनं ते पाणी कॅनमध्ये ओतलं आणि झाकण लावलं. पहाटे ते पाणी काढून कॅन राखेनं घासायचा, उकळतं पाणी फिरवायचं, दूध काढायचं. दोन दिवस असं चाललं. दोन्ही दिवस दूध घरीच आटवल्याचं सांगून तिनं ते डेअरीत घातलं नाही. तिसऱ्या दिवशी घालणं भागच होतं.

त्या तिसऱ्या दिवशी मावशीची दाढ सुजली होती. गाल एवढा फुगला होता की डोळा मिटला होता. तिनं पहाटे येऊन टाकी धुतली, ओटा धुतला आणि तात्यांजवळ येऊन कापडाआडून म्हणाली, "दाढ काढायला जाते. आता नाही सहन होत. मॅनेजरला सांगते, आज दुसऱ्या कुणाला..."

तिचं म्हणणं तात्यांना कळलं. आज दुसऱ्या कुणाला तरी नाकावर उभं करा, असं सांगते. तसं सांगितलं तर का, असा प्रश्न येणार.

"नको," तात्या म्हणाले. "एका दिवसाचं तर आहे. बघतो मी."

"तात्या."

"जा तुम्ही. उशीर झाला तर डॉक्टर गर्दीत बसवील."

ती गेली. झाकणं उघडून द्यायला कारकून उभा राहिला. तात्यांनी त्या दिवशी प्रत्येक झाकण दोनदा हुंगलं. रबराला बोट लावून बघितलं, दुधाचा रंग बघितला, आणणाऱ्याचा चेहरा बघितला. रांगेत कुणाचा चेहरा खोटा दिसला नाही. मुलीचा कॅन आला, गळ्याशी दोनशे चौदा. ती फाटकाबाहेरच थांबली होती आणि त्यांच्याकडे एकटक बघत होती. तात्यांना वाटलं, काळजीनं बघतेय, थकलीय. त्यांनी झाकण नाकाशी नेलं आणि टिक केली. तिनं एक मोठा श्वास सोडलेला त्यांना दिसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर शहरातून परत आला. सगळं दूध परत. त्याला औषधाचा वास होता. टँकर नाल्यावर उभा करून तोटी सोडली, आणि वस्तीतली माणसं कडेला उभी राहून बघत राहिली. ज्या नाल्यात महिनाभर पाणी नव्हतं तो अर्धा तास पांढरा वाहिला. कुत्री धावली, हुंगून मागे फिरली. तात्यांनी ती कुत्री मागे फिरताना पाहिली.

निरीक्षक त्याच संध्याकाळी आला. तरुण होता, नाकाचा तल्लख होता आणि नाहक आवाज चढवणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कॅन मागवले, ओट्यावर मांडले आणि एकेक झाकण स्वतः उघडलं. दोनशे चौदाचं झाकण त्यानं एकदाच नाकाशी नेलं आणि वेगळं ठेवलं.

तात्या दुपारीच मुलीकडे गेले. ती गोठ्यात होती.

"पाणीच नव्हतं तात्या," ती गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "राखेनं चारदा घासला. वास गेला का राहिला, मला कळेना, घरभर तोच वास. मग म्हटलं, तात्या आहेत ना फाटकावर. राहिला असेल तर बाजूला काढतील, ताकीद देतील, दूध परत आणीन. मी तुमच्या भरवशावर आणला हो तो कॅन. तुम्ही टिक केलीत, म्हटलं सुटले."

तात्यांनी सांडलेला चारा गव्हाणीत सारला.

ती त्यांच्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "माझ्यासाठी सोडलात ना? कळलं मला. आयुष्यात कुणाचा सोडला नाहीत, आणि माझा सोडलात. सोडायला नको होतात तात्या."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिनं त्यांचा हात धरला होता, आणि लेकीसाठी नियम मोडणारा बाप होणं त्यांना त्या क्षणी फार बरं वाटलं. ते नुसते "असू दे" म्हणाले.

चौकशी डेअरीच्या कचेरीत झाली. लांब टेबल, भिंतीला लागून बाक, पंखा एका बाजूला हेलकावणारा. टेबलावर दोनशे चौदा नंबरचा कॅन ठेवला होता. बाकावर मुलगी बसली होती. मावशी दाराशी उभी होती; गालाची सूज उतरली होती, तिथं हिरवटपणा राहिला होता.

तात्या आत जाण्याआधी मॅनेजरनं त्यांना व्हरांड्यात थांबवलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. "तात्या, ऐका," तो हळू म्हणाला. "तुमच्या नाकावर कुणी बोट ठेवणार नाही. म्हणा, मी वास घेतला तेव्हा कॅन स्वच्छ होता. मग तो वास टाकीतला ठरतो. टाकी फिनेलनं धुतात, त्या दिवशी धुणारीची दाढ दुखत होती, घाईत नीट धुतली गेली नाही, तेच पाणी कॅनला लागलं. विषय संपला. तुमची पोर सुटेल."

"आणि मावशी?"

"ती रोजंदारीवर आहे. दुसरीकडे बघेल."

आत निरीक्षकानं आधी मावशीलाच विचारलं. टाकी कशी धुतली?

"तीन पाण्यांनी, साहेब," ती म्हणाली. "फिनेल ओट्याला वापरतो. टाकीला नाही."

"त्या दिवशी घाई होती?"

"दुखत होतं. घाई नव्हती केली." तिनं तात्यांकडे पाहिलं नाही. ती जमिनीकडे बघत होती. तिला एका वाक्यात सुटता आलं असतं, आणि ते वाक्य ती बोलणार नाही, हे तात्यांना लख्ख कळलं. चार महिने तिनं झाकणं मांडली होती, आणि त्याबद्दल त्यांनी तिला एकदा 'बरं' एवढंच म्हटलं होतं.

"तात्या," निरीक्षक म्हणाला, "हा कॅन तुम्ही तपासलात. टिक तुमची. वास होता की नव्हता?"

पंखा हेलकावत राहिला. मॅनेजर टेबलावरची टाचणी इकडून तिकडे ठेवत होता. मुलगी त्यांच्याकडे मायेनं बघत होती.

"मला माहीत नाही," तात्या म्हणाले.

"म्हणजे?"

"मला वास येत नाही साहेब. थंडीत ताप आला, तेव्हापासून. त्या दिवशी झाकणात साप असता तरी मी टिक केली असती. टाकीत काही नव्हतं. या बाईंनी धुतलेल्या टाकीत कधी काही नसतं. रोज याच मला झाकण पालथं-उताणं ठेवून सांगायच्या. त्या दिवशी त्या नव्हत्या."

निरीक्षकानं लेखणी खाली ठेवली. "तात्या, पोटच्या पोरीचा कॅन कुणीही डोळेझाक करून सोडेल. ही आता स्वतःला सोडवायची युक्ती नाही ना? वास कळला नाही म्हणजे जाणूनबुजून सोडला नाही, असं?"

"मी कुठे सुटतो यात? काम तर जाणारच. बघा की मला. तपासा."

तपासलं. कारकुनानं तात्यांच्या डोळ्यांवर त्यांचाच टॉवेल बांधला. तीन झाकणं आणली. तात्या खुर्चीत ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. पहिलं झाकण नाकाखाली आलं. ते म्हणाले, "काही नाही." दुसरं आलं. दाराशी कुणीतरी खोकलं, कुणीतरी मागे सरलं, खुर्चीचा पाय घासला. म्हणजे यात काहीतरी जहाल असणार, हे त्यांना त्या आवाजांवरून कळलं. अंदाजानं सांगता आलं असतं. "दूध असेल," ते म्हणाले. व्हरांड्यात एकजण फिसकन हसला. त्याला दुसऱ्यानं गप्प केलं. तिसऱ्या झाकणाची गरज पडली नाही.

टॉवेल सोडला तेव्हा त्यांना आधी मुलगी दिसली. ती उभी राहिली होती. चेहऱ्यावरची माया गेली होती, त्या जागी दुसरं काहीतरी येत होतं आणि ते अजून पुरतं आलं नव्हतं.

"कधीपासून म्हणालात?" तिनं विचारलं.

"थंडीपासून."

"म्हणजे घरी..." ती थांबली. "घरी मी विचारत होते तेव्हा?"

तात्यांनी मान हलवली.

निरीक्षक म्हणाला, "बाई, बसा, जबाबावर सही करायची आहे." ती बसली नाही. टेबलावरचा कॅन, कागद, बाप, सगळं तिथंच टाकून ती बाहेर पडली. खिडकीतून ती दिसली. आधी भरभर चालत होती, मग धावू लागली.

तात्या तिच्या मागे गेले तोवर तिनं शेजारच्या दोघांना बोलावून खाटेसकट जावयाला टेम्पोत चढवलं होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि नाकाला कापड लावलं. तेवढं बघून तात्या भिंतीला टेकले. वरून वाळलेली जखम आतून हाडापर्यंत गेली होती. "एवढा वास येईपर्यंत थांबलात?" बाईंनी विचारलं. त्या चिडून बोलल्या नव्हत्या, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मुलगी सोडलेली पट्टी गुंडाळत राहिली.

जावई नऊच दिवस काढू शकला. शेवटचे दोन दिवस तो तापात पोती मोजत होता. एकदा शुद्धीवर आला तेव्हा तात्याच पाणी पाजत होते. तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "तात्या, तुम्ही तरी जेवलात का?" तात्यांना रडू आवरेना. एवढ्या म्हाताऱ्या माणसानं रडू नये इतके ते रडले. खोलीतले बाकीचे लोक तोंड फिरवून बसले.

कायद्यानं आपलं काम केलं. कॅन जप्त झाला. कोर्टात मुलीनं गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेट बाईंनी घरची हकीकत विचारली, ऐकून घेतली, आणि कायद्यात कमीत कमी जे होतं तेच दिलं: दंड, आणि एक वर्ष डेअरीनं त्या घरचं दूध घ्यायचं नाही. तात्यांचं काम सुटलं. त्यांच्या जागी ओट्यावर मावशी उभी राहिली. पहिल्या दिवशी ती खडू घेऊन तात्यांच्या दारात आली आणि म्हणाली, "कशी करायची असते टिक, दाखवा." टिक करायला दाखवण्यासारखं काही नसतं. तरी तात्यांनी उंबऱ्यावर करून दाखवली.

मुलीनं एक गाय विकली. दुसरीचं दूध ती घरोघर पातेल्यातून घाले. लोक घेत, पण आधी पातेलं नाकाशी नेत. तात्या तिच्याकडेच राहायला आले होते. तिनं बोलावलं नव्हतं आणि नको म्हटलं नव्हतं. ते चारा कापत, गोठा झाडत, बाहेरच्या खोलीत खाट होती त्या जागी जमिनीवर बसून जेवत. ती त्यांना वेळेवर वाढे. कामापुरतं बोले. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. एकदा सोडून दहादा तिची माफी मागायचं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि पाऊस पडून नळाला पाणी येऊ लागलं तरी त्यांची जीभ रेटली नाही.

एक दिवस दुपारी ती दारात बसून कडब्याच्या पेंड्या सोडत होती. तात्या समोर विळी घेऊन बसले होते. अखेर त्यांनी विळी बाजूला ठेवली.

"मी तुझा गुन्हेगार आहे," ते म्हणाले. "मी सांगायला हवं होतं. माझ्यामुळे गेला तो."

ती कडब्याची पेंडी सोडत राहिली. गाठ घट्ट होती, तिनं ती दातानं सोडवली.

"तात्या," ती म्हणाली, "मला येत होता."

"काय?"

"वास. मला येत होता. पहिल्यापासून येत होता. औषधाचा वेगळा आणि तो वेगळा. रात्री मी त्यांच्याकडे पाठ करून निजायची, एवढा येत होता." तिचा आवाज चढला नाही. "सकाळी वाटायचं, जावं दवाखान्यात. मग तुम्ही यायचात, वाकायचात, म्हणायचात नाही गं. मग मी म्हणायची, तात्या म्हणतात नाही, तर नसणार. माझंच नाक खोटं. मला तेच ऐकायचं असायचं, म्हणून मी पुन्हा पुन्हा तुम्हालाच विचारायची. मावशीला एकदाही नाही विचारलं. डॉक्टरला नाही विचारलं."

तात्यांना बोलायचं होतं, की असं नको म्हणूस, सगळं माझ्यावर घाल, मी त्यासाठीच इथं बसलोय. त्यांनी तोंड उघडलं आणि ती त्यांच्याकडे बघतेय हे पाहून मिटलं. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याकडे सरळ बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता. त्यांच्याइतकाच अपराध तिच्याही तोंडावर होता. आपण लेकीला हेही देऊन बसलो, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि ते तिच्याकडून परत घ्यायचा काहीही मार्ग नव्हता.

"आण," ते शेवटी म्हणाले, "ती दुसरी पेंडी माझ्याकडे दे."

तिनं पेंडी त्यांच्याकडे सरकवली. दोघं समोरासमोर बसून गाईसाठी कडबा कापत राहिले.